किरकोळ दुरुस्ती

संगणकाला काम सांगायचे दोन मार्ग आहेत. पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून 'हे दे' म्हणायचं, हा गिऱ्हाइकाचा मार्ग. काळ्या खिडकीत एक ओळ लिहून एंटर दाबायचं, हा कारागिराचा. त्याला कमांड लाइन म्हणतात. त्या काळ्या खिडकीत राबणाऱ्या शेकडो टूल्सपैकी एकाचं काम इतकं साधं आहे, की त्याच्यासाठी टूल लागतं यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. ते सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर वाढवतं. 'एनपीएम व्हर्जन पॅच' असं लिहिलं की १.९.४ चं १.९.५ होतं. 'पॅच'च्या जागी 'मायनर' लिहिलं तर १.१०.० होतं, आणि 'मेजर' लिहिलं तर थेट २.०.०.

"चारात एक मिळवायला एवढा शिकलेला माणूस, आणि त्याच्या हाताखाली वर टूल?" असं आमच्या घरात विचारलं गेलं. विचारणारी व्यक्ती रोज वाणसामानाची बेरीज तोंडी करते, त्यामुळे प्रश्नाला वजन होतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या भाच्याने शांतपणे समजावलं, "मामी, मिळवणं हे त्याचं छोटं काम. ते आकडा फाइलमध्ये लिहितं, तो बदल गिटच्या, म्हणजे कोडच्या नोंदवहीच्या, इतिहासात नोंदवतं, त्यावर 'व्ही १.९.५' अशी चिठ्ठी चिकटवतं. आणि अर्धवट, न नोंदवलेलं काम पडलेलं असेल तर आधी ते निस्तरून या म्हणून परत पाठवतं." या शेवटच्या गुणामुळे मामीचं टूलबद्दलचं मत एकदम चांगलं झालं. त्याला 'फोर्स' असा शब्द जोडून गप्प बसवता येतं, हे भाच्याने तिला सांगितलं नाही.

तरीही या टूलची खरी गंमत त्याच्या कष्टात नाही, त्याच्या मौनात आहे. पॅच, मायनर की मेजर, म्हणजे बदल केवढा झाला, हे ते आपल्याला ठरवायला लावतं आणि आपण जे सांगू ते निमूटपणे मान्य करतं. एका स्वल्पविरामाला मेजर म्हणा, ते २.०.० करून देईल. अख्खं घर पाडून नवीन बांधा आणि पॅच म्हणा, ते १.९.५ करून देईल. जगातली सगळी व्हर्जन नंबरांची भांडणं या एका उत्तरावरून होतात, आणि त्यांतलं एक आमच्या मोहन्यात झालं.

मोहने हे उल्हास नदीच्या काठावरचं गाव. कल्याण-डोंबिवली महापालिकेत असूनही गावच. त्याला स्वतःचं स्टेशन नाही. शहाडला उतरा नाहीतर आंबिवलीला, आणि शेअर रिक्षात चौथे होऊन या. कोणतं स्टेशन जवळ यावर मोहन्यात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष उशिराच पोचतात. एके काळी मोहने म्हणजे एनआरसी, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. तिथे कृत्रिम धागा व्हायचा आणि त्या धाग्यावर अख्खं गाव चालायचं. कंपनी २००९ साली बंद पडली. ज्यांचे बाप पायी कामावर जायचे ती पोरं आता आंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली अशी गाडी बदलत सॉफ्टवेअर लिहायला जातात. आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं. त्या दिवसांत आमचा भाचा आमच्याच घरी येऊन बसतो, कारण त्याच्या घरात लहान मूल आहे आणि आमच्या घरात फक्त मी आणि त्याची मामी.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त तलाठी राहतात. त्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. काम तेच, पगाराची पट्टी तीच, वरचं नाव तेवढं नवीन. यावर भाऊसाहेब म्हणतात, "आम्ही नवीन नाव लागायच्या आतच सुटलो." सगळी बिल्डिंग त्यांना भाऊसाहेबच म्हणते, कारण तलाठ्याला दुसरं काही म्हणायची ठाणे जिल्ह्यात पद्धत नाही. मुरबाड-शहापूरकडे त्यांची हयात गेली. नोकरी सुटली तरी सातबारा सुटलेला नाही. कुणाचाही उतारा ते कौतुकाने वाचतात, आपण दुसऱ्याच्या घरातला लग्नाचा अल्बम बघतो तसा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळायला लागल्यापासून ते आमच्याकडे येतात, कारण प्रिंटर आमच्याकडे आहे.

त्या दिवशी ते असेच कागद घ्यायला आले, तेव्हा भाच्याने 'एनपीएम व्हर्जन पॅच' एवढं लिहून ठेवलं होतं आणि एंटर दाबायचं तेवढं राहिलं होतं.

"काय चाललंय?"

"रिलीज आहे, भाऊसाहेब. नंबर वाढवतोय."

"कशाचा नंबर?"

मग भाच्याने त्यांना तीन आकड्यांचा नियम सांगितला. टॉम प्रेस्टन-वर्नर नावाच्या माणसाने, म्हणजे गिटहबच्या संस्थापकांपैकी एकाने, हे नियम लिहून काढले. त्यांना सेमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. शेवटचा आकडा वाढला तर चूक दुरुस्त झाली, कुणाला काही करायला नको. मधला वाढला तर नवीन सोय आली, जुनं सगळं जसंच्या तसं चालू. पहिला वाढला तर सावध व्हा, जुन्यावर विसंबलेल्यांचं काहीतरी मोडणार. आज जी नियमावली चालते ती २०१३ सालची आणि तिचा स्वतःचा नंबर २.०.० आहे. म्हणजे कुणाचं काही मोडू नये म्हणून लिहिलेल्या नियमांनी, त्यांच्याच हिशेबाने, एकदा मोडतोड करून घेतलेली आहे.

भाऊसाहेब खुर्चीवर बसले. निवृत्तीनंतर इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता.

"अरे, मग हे फेरफार रजिस्टरच झालं की! गाव नमुना सहा. बदल झाला की नोंद, नोंदीला क्रमांक. एकदा पडलेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही."

"आमच्याकडेही तसंच. एकदा नंबर प्रसिद्ध केला की तो पुन्हा वापरता येत नाही. मागे घेतला तरी नाही."

"आणि जुनं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा. कालचा मालक कोण होता हे उद्याच्या माणसाला वाचता आलं पाहिजे."

"गिटमध्येही जुनं पुसत नाही. उलटवलं तरी 'उलटवलं' अशी नवीन नोंद होते."

"आपल्या २७ गावांसारखं," मी म्हणालो. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली. तिच्यातली २७ गावं २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली परत आत घेतली. २०२० साली त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढायचं ठरलं आणि त्याच वर्षी हायकोर्टाने तेही रद्द केलं. गावं जिथल्या तिथे आहेत, एक इंच हललेली नाहीत, पण त्यांचा इतिहास लांबत चालला आहे. भाचा म्हणाला, याला रिव्हर्टचा रिव्हर्ट म्हणतात आणि प्रत्येक टीममध्ये असा एक असतो.

"तुमच्याकडे नोंद झाली की लगेच पक्की?" भाऊसाहेबांची उलटतपासणी सुरू झाली.

"नाही. आधी दुसरा माणूस वाचतो, मान्य करतो, मग आत जाते."

"मंडळ अधिकारी," भाऊसाहेब समाधानाने म्हणाले. "आमच्याकडे तलाठी नोंद धरतो, पण प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. ज्याने लिहिलं त्यानेच बरोबर म्हणायचं नाही. आणि नोंद झाली पण प्रमाणित नाही, अशा लोंबकळणाऱ्यांचं काय करता?"

भाच्याने दुसरी एक कमांड चालवून दाखवली, 'गिट डिस्क्राइब'. पडद्यावर शेवटच्या चिठ्ठीचा नंबर आला, त्यापुढे १४ हा आकडा, त्यापुढे अक्षरं-आकड्यांची एक खूण. अर्थ असा, की १.९.४ नंतर १४ बदल होऊन गेले आहेत आणि अजून कुणी त्यांना नंबर दिलेला नाही.

"चौदा नोंदी प्रलंबित," भाऊसाहेबांनी निदान केलं. "काही नाही, मार्चअखेरीला आमच्याकडे याहून जास्त असायच्या. बरं, बदललंस काय?"

"फारसं काही नाही हो. स्वल्पविराम. आमचा कोडचा एक तुकडा पावतीवर रक्कम छापतो. आधी १,००,००० छापायचा, आता १००,००० छापतो. नवीन गिऱ्हाईक परदेशी आहे, त्यांना लाखाचा स्वल्पविराम कळत नाही."

"आणि याला तू म्हणतोस..."

"पॅच. किरकोळ दुरुस्ती."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. तलाठ्याने चष्मा काढला की समोरच्याने कागदपत्रं पुन्हा चाळायची असतात.

"हे बघ. जमीन महसूल संहितेत किरकोळ दुरुस्तीला कलम आहे, १५५. लेखनप्रमाद. गणपतचं गनपत झालं, क्षेत्रात शून्य चुकीच्या जागी पडलं, अशा गोष्टी. मूळ कागदात एक आणि उताऱ्यावर दुसरं असेल तर १५५. आता मला सांग, आधीचा स्वल्पविराम चुकला होता का?"

"नाही. बरोबरच होता."

"मग दुरुस्ती कसली? तू बांध सरकवलास!"

भाचा गप्प झाला. मला त्याची दया आली, कारण तो जगातल्या बहुसंख्य प्रोग्रॅमरांसारखाच वागत होता. स्वतः केलेला बदल माणसाला नेहमी लहान दिसतो. आपण सोफा 'जरा' सरकवतो. घरातल्या बाकीच्यांची करंगळी आपटते. सॉफ्टवेअरवाल्यांना ही खोड इतकी चांगली ठाऊक आहे, की त्यांनी हा निर्णय माणसाच्या हातून काढून घ्यायचाही प्रयत्न केला. सेमँटिक रिलीज नावाचं एक टूल प्रत्येक नोंदीचा पहिला शब्द वाचतं. नोंद 'फिक्स'ने सुरू झाली तर पॅच, 'फीट'ने सुरू झाली तर मायनर, मोडतोडीची स्पष्ट कबुली लिहिलेली असेल तर मेजर. कल्पना उत्तम आहे. फक्त तो पहिला शब्द लिहितो कोण, तर तोच माणूस. पूर्वी तो शेवटी एकदा 'किरकोळ' म्हणायचा, आता रोज थोडं थोडं म्हणतो.

"पण काका, हा स्वल्पविराम फक्त दिसायला आहे," भाचा भाऊसाहेबांवरून काकांवर आला, म्हणजे प्रकरण घरगुती पातळीवर न्यायचा प्रयत्न. "कागदपत्रात आम्ही कुठे लिहिलंय का, की स्वल्पविराम अमुकच ठिकाणी पडेल? ज्याचं वचनच दिलं नाही ते मोडलं कसं?"

"वहिवाट!" भाऊसाहेब म्हणाले. "रस्ता नकाशात नसतो. सातबाऱ्यावर नसतो. पण वीस वर्षं त्या बांधावरून बैलगाडी जाते. तू एक दिवस काटेरी कुंपण घातलंस आणि म्हणालास, 'दाखवा कुठे लिहिलंय', तर तो माणूस मामलेदाराकडे जातो. मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, १९०६ चा. इंग्रज गेले, कायदा आहे. कारण कुंपण घालणारेही आहेत."

हीच गोष्ट गूगलमधल्या हायरम राइट नावाच्या इंजिनिअरच्या निरीक्षणातून आली आहे आणि आता 'हायरमचा नियम' म्हणून ओळखली जाते. वापरणारे पुरेसे असले, की तुम्ही काय कबूल केलं होतं याला अर्थ उरत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरची जी जी वागणूक बाहेरून दिसते, तिच्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. चुकीवरसुद्धा. चूक दुरुस्त केलीत तर त्याचं काम अडतं. मुरबाडच्या बैलगाडीवाल्याला हे अमेरिकेच्या आधी माहीत होतं, पण त्याच्या नावाचा नियम झाला नाही.

तर मग मेजर म्हणून मोकळं व्हावं, २.०.० करावं, असं कुणी म्हणेल. तिथे दुसरी अडचण. मेजर म्हणजे काय, हे भाऊसाहेबांच्या पिढीने सोसलं आहे. १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. जिथे जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच, विहीर तीच, विहिरीवरचं भांडण तेच. पण आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, नातवाच्या उताऱ्यावर गट नंबर, आणि दोघांची गाठ घालून देणारा तक्ता तलाठ्याच्या कपाटात. "त्या तक्त्यासाठी लोक सकाळी सहाला घरी यायचे," भाऊसाहेब म्हणाले. "मेजर म्हणजे नुसता आकडा नाही. तुझ्या आकड्यासाठी बाकी सगळ्यांनी आपापले कागद बदलायचे. म्हणून माणूस मेजर म्हणायला घाबरतो, आणि घाबरावंच."

भीतीपोटी काहीजण पहिला आकडा शून्यावरच ठेवतात. नियमच असा आहे, की ०.काहीतरी असेल तोवर कधीही काहीही बदलू शकतं, तक्रार चालणार नाही. त्यामुळे कित्येक सॉफ्टवेअर्स वर्षानुवर्षं शून्यावर बसून असतात आणि त्यांच्यावर मोठमोठे धंदे चाललेले असतात. भोगवटा प्रमाणपत्र न मिळालेल्या बिल्डिंगमध्ये राहण्याचा दांडगा अनुभव असलेल्या कल्याण-डोंबिवलीकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

काहींनी उलट केलं. इमॅक्स नावाच्या, मजकूर लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरचं १.१२ झालं तेव्हा लक्षात आलं, की पुढचा १ काही बदलत नाही. १९८५ साली तो काढूनच टाकला आणि पुढचं व्हर्जन १३. लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ साली २.६.३९ नंतर एकदम ३.० केलं आणि वर सांगितलं, की विशेष असं काही बदललेलं नाही, आकडे फार मोठे झाले होते. २०१९ साली ४.२० नंतर ५.० केलं, तेव्हाचं कारण असं, की हातापायांची बोटं संपली. ज्या माणसाने गिट लिहून साऱ्या जगाच्या नोंदी शिस्तीत लावल्या, तो स्वतः नंबर बोटांवर मोजतो. डीबेस नावाचा डेटाबेस बाजारात आला तोच डीबेस टू म्हणून, वन नव्हताच. पहिलंच व्हर्जन म्हटलं की लोक कच्चं समजतात, म्हणून थोरलं भावंड कागदावरच जन्माला घातलं. आणि स्लॅकवेअर या लिनक्सच्या एका अवताराने १९९९ साली चारवरून एकदम सातावर उडी मारली, कारण शेजारच्या दुकानांत सहा विकायला ठेवले होते.

या सगळ्यांत सरळ मनाचा एकच, डोनाल्ड क्नूथ. त्यांच्या टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा नंबर ३.१, ३.१४, ३.१४१ असा पाय (π) या संख्येच्या दिशेने सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. दुरुस्ती झाली की एक अंक वाढवायचा. त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती आधीच्यापेक्षा दसपट लहान दिसते. त्यांनी लिहून ठेवलं आहे, की त्यांच्या पश्चात नंबर कायमचा पाय करावा आणि उरलेल्या चुका या चुका न राहता वैशिष्ट्यं समजाव्यात. भाऊसाहेबांनी हे ऐकून हात जोडले. "मृत्युपत्रात फेरफार बंद करून ठेवणारा पहिला माणूस."

तोवर भाच्याने ओळीतला 'पॅच' खोडला होता, पण त्या जागी काय लिहावं हे त्याला सुचत नव्हतं. पॅच म्हणजे खोटं, मेजर म्हणजे महाग.

"तू ठरवतोसच कशाला?" भाऊसाहेब म्हणाले. "संहितेचं कलम १५०. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस, पंधरा दिवसांत हरकत घ्या म्हणून. बदल केवढा हे करणाऱ्याने सांगायचं नसतं. ज्याचा बांध लागून आहे त्याला विचारायचं."

भाच्याने ऑफिसमधल्या ज्या टीम्स त्याचा तुकडा वापरतात त्यांना निरोप पाठवला. पंधरा दिवस थांबायची गरज पडली नाही, चहा होईपर्यंत हरकती आल्या. एका टीमचा कोड रकमेतून स्वल्पविराम काढताना ते कुठे कुठे असतील हे गृहीत धरत होता. त्यांच्या हिशेबाने एक लाखाचं काय होईल हे त्यांनी सांगितलं नाही, पण उद्गारचिन्हं तीन होती. दुसरी टीम नव्या पावत्या जुन्यांशी अक्षर न अक्षर ताडून बघत होती. तिसऱ्या टीमने विचारलं, "तुमचा कोड आम्ही वापरतो?"

शेवटचं उत्तर सगळ्यांत खरं होतं. आपण कुणावर विसंबून आहोत हे माणसाला सहसा ठाऊक नसतं. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरने नावावरून झालेल्या वादात आपले कोडचे तुकडे एनपीएमच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा, शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारा, अकरा ओळींचा एक तुकडा होता. तो जाताच जगभर हजारो प्रकल्प उभे राहीनात आणि कित्येकांना त्या दिवशी कळलं, की आपल्या इमारतीच्या पायात हा होता. शेवटी भांडारवाल्यांनी तो परत जागेवर ठेवला.

खरं तर अशांसाठी सोय आहे. कुणाचाही तुकडा वापरताना त्याच्या नंबरामागे एक खूण लावता येते. टोपीसारखी खूण लावली तर अर्थ असा, की पहिला आकडा तोच आहे तोवर पुढचं काहीही आपोआप घरात येऊ दे. नागमोडी खूण लावली तर फक्त शेवटचा आकडा बदललेलं येऊ दे. काहीच लावलं नाही तर नेमका तोच नंबर, दुसरा उंबऱ्याबाहेर. भाच्याच्या ऑफिसात सगळे टोपी लावतात, कारण टूल स्वतःहून तीच लावून देतं. म्हणजे त्याने 'पॅच' म्हणून एंटर दाबलं असतं, तर तो सरकवलेला बांध रातोरात सगळ्यांच्या शेतात गेला असता, आणि वर 'किरकोळ' असा शिक्का घेऊन.

तोडगा भाऊसाहेबांनीच काढला. "जुना रस्ता राहू दे. शेजारून नवीन काढ. ज्याला पाहिजे तो नवीनवरून जाईल." भाच्याने रात्री बसून तसं केलं. कुणी काही मागितलं नाही तर स्वल्पविराम लाखाचाच. परदेशी पद्धत हवी असेल तर एक शब्द जास्त लिहायचा. कुणाचं काही मोडलं नाही, नवीन सोय मात्र आली. म्हणजे मायनर. एंटर दाबलं, १.९.४ चं १.१०.० झालं. टूलने एक शब्दही विचारला नाही.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांचा फोन आला, की आपण १.९ वरून मागे १.१ वर का गेलो? शाळेत १.१० आणि १.१ एकच, हे त्यांचं म्हणणं गणिताला धरून होतं. व्हर्जन नंबरमधलं टिंब दशांश चिन्ह नसून नुसतं कुंपण आहे, अलीकडचा एक पलीकडच्या दहाला ओळखत नाही, हे समजावण्यात भाच्याची सकाळ गेली. साहेबांना दोष देण्यात अर्थ नाही, संगणकही यात फसतात. साध्या क्रमवारीत ते १.१० ला १.९ च्या आधी बसवतात. नीट लावून हवी असेल तर 'सॉर्ट' या कमांडला वेगळं सांगावं लागतं. ऑपेरा या ब्राउझरचं दहावं व्हर्जन आलं तेव्हा कित्येक वेबसाइट्स नंबरातला पहिलाच अंक वाचून त्याला 'एक' समजत होत्या. शेवटी ऑपेराने दहा असूनही जगाला आपलं वय ९.८० सांगायला सुरुवात केली. विंडोज ७ पोटात स्वतःला ६.१ म्हणायचं, आणि विंडोज ११ आजही आत १०.० आहे. पाटीवरचा आकडा बाजारासाठी, आतला आकडा जुन्या सोबत्यांना दचकवू नये म्हणून.

साहेबांना हा शेवटचा दाखला फार आवडला. त्यांनी विक्री विभागाशी बोलून लगेच ठरवलं, की आत १.१० असू दे, माहितीपत्रकावर ५.० छापू. प्रोग्रॅमर बदल लहान करून सांगतो, विक्रेता मोठा करून. खरं मोजमाप या दोघांच्या मध्ये कुठेतरी काटेरी कुंपणात अडकलेलं असतं.

भाऊसाहेबांना मी विचारलं, "तुमच्याकडे असं कधी झालं का हो? उताऱ्यावर एक आणि पाटीवर दुसरं?"

"रोज," ते म्हणाले. "आंबिवलीला बिल्डरची पाटी वाचा. सातबाऱ्यावर खाजण, पाटीवर रिव्हर व्ह्यू."

तेव्हा वाचकांसाठी व्यवहाराचा सल्ला एवढाच. फोन अपडेट मागू लागला की आधी आकडा बघावा. पहिला अंक बदलला असेल तर शनिवार मोकळा ठेवावा, काहीतरी हलणार आहे आणि निदान त्यांनी तसं सांगितलं तरी आहे. मधला बदलला असेल तर चहा घ्यावा, नवीन बटण कुठे आलं ते मुलं सांगतील. आणि फक्त शेवटचा बदलला असेल, सोबत 'काही किरकोळ दुरुस्त्या' एवढंच लिहिलं असेल, तर शनिवारबरोबर रविवारही मोकळा ठेवावा.